आजीच्या बुगडीसाठी कानाची वरची कड टोचून घेतली : वर्षभराच्या नोंदी

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

आत्याने आज आजीच्या बुगड्यांची डबी माझ्या हाती दिली. मधोमध सोन्याचे लहान फूल, भोवती तारेत ओवलेले मोती, मागे मळसूत्राची दांडी आणि तिच्यावर बसणारी फिरकी, असा हा जोड आहे. आजीच्या दोन्ही कानांच्या वरच्या कडेला शेवटपर्यंत भोके होती आणि सणाला तिने बुगडी घातली नाही असे मला आठवत नाही. माझ्या कानांना मात्र बारशाला टोचलेली पाळीची भोके तेवढी आहेत.

दागिन्यांच्या दुकानांत हल्ली बहुतेक बुगड्या चापाच्या मिळतात, म्हणजे कान न टोचता कडेवर दाबून बसवायच्या. आमच्या ओळखीच्या सोनारानेही दांडी कापून चाप बसवून देण्याची तयारी दाखवली. मला ती दांडी कापायची नाही. आजीने ज्या रीतीने घातली त्याच रीतीने मला बुगडी घालायची आहे, म्हणून वरची कड टोचून घेण्याचे ठरवले. घरात मळसूत्राची बुगडी आहे आणि कान मात्र टोचलेला नाही अशा इतरांना उपयोग व्हावा, या हेतूने तारखेनिशी लिहून ठेवते आहे.

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार

गणपती शनिवारी, ७ सप्टेंबरला बसणार, आणि त्या दिवशी बुगडी कानात असावी अशी माझी इच्छा. म्हणून आज दादरला एका दागिन्यांच्या दुकानात जाऊन उजव्या कानाची वरची कड टोचून घेतली. एका कानाचे ३५० रुपये झाले. काउंटरवरच्या मुलीने कापसाने स्पिरिट लावले, पेनाने ठिपका काढला आणि प्लास्टिकची गन लावून खटका दाबला. सगळे मिळून दोन मिनिटेही लागली नाहीत. आवाज थेट कवटीत घुमल्यासारखा वाटला आणि त्यानंतर जो ठणका सुरू झाला तो पाळी टोचल्यावर लहान मुले ज्या तक्रारी करतात त्याहून फार निराळा, खोलवरचा होता. आठवड्यात हवा तो दागिना घाला, असे तिने सांगितले आणि मी विश्वास ठेवला.

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

आईने हळद आणि खोबरेल कोमट करून लावायला सांगितले. आमच्या घरात सगळ्यांच्या पाळ्या याच उपायाने बऱ्या झाल्या आहेत, त्यामुळे मीही सकाळ-संध्याकाळ लावले, आणि दुकानात सांगितल्याप्रमाणे खडा दिवसातून तीनदा गोल फिरवला. प्रत्येक वेळी खपली सुटून थोडे पाणी येते. आता सूज पुढूनही दिसू लागली आहे. गनने बसवलेल्या खड्याची मागची चिमटी एका ठराविक अंतरावर अडकते, आणि कान सुजला तर सुजेला जागा उरत नाही, हे आज आरशात पाहिले तेव्हा कळले. चिमटी सैल करायला गेले तर ती हलतही नाही.

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

गणपती बसले. बुगडी डबीतच राहिली. शनिवारी रात्री थोडा ताप आला, रविवारी खड्याचे पुढचे टोक कातडीत निम्मे रुतले, आणि आज ऑफिसला रजा टाकून मुलुंडमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टरांनी प्रथम कानाला हात न लावता नुसते पाहिले आणि एक गोष्ट दाखवली, ती सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे : वरची कड आणि कानाचा मधला भाग लालबुंद होता, पण खालची पाळी अगदी नेहमीसारखी होती. पाळीत कूर्चा, म्हणजे बाकी कानाला आकार देणारे मऊ लवचिक हाड, नसते. लाली पाळीला सोडून बाकी कानभर पसरली असेल, तर संसर्ग कातडीपुरता राहिलेला नसून कूर्चेवरच्या पातळ आवरणापर्यंत पोहोचला आहे असे समजावे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे सगळे पोषण याच आवरणातून होते, आणि आवरणाखाली पू साठला तर कूर्चा उपाशी राहून मरते व कान कायमचा चुरगळलेला दिसू लागतो. अशा संसर्गात बहुधा स्यूडोमोनास नावाचा, ओलाव्यात वाढणारा जिवाणू सापडतो आणि त्याच्यावर नेहमीची मलमे चालत नाहीत. मी गेले चार दिवस घरातले एक जुने मलम लावत होते. ते चार दिवस वाया गेले, आणि ते धोक्याचे होते.

जागा बधिर करून रुतलेला खडा काढला. सुदैवाने पू साठलेला नव्हता. पोटात घेण्याची प्रतिजैविके दिली, तिसऱ्या दिवशी दाखवायला बोलावले आणि घरात कोणाच्या जखमेवर जाड, जखमेपेक्षा मोठी वाढलेली गाठ राहते का, हे विचारले. तसे आमच्याकडे कोणाला नाही. गन कशी असते हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, की गनमधला खडा टोकाला बोथट असतो, तो जोराने रेटला जातो, आणि पाळीच्या मऊ मांसात ते खपते, पण कूर्चा त्या दाबाने चिरते. शिवाय प्लास्टिकची गन वाफेच्या दाबयंत्रात निर्जंतुक करता येत नाही, कारण तिथले १२१ अंश तापमान तिला सोसत नाही. एकाच गनने दिवसभरात किती कान टोचले असतील याचा मी टोचून घेताना विचारच केला नव्हता.

२५ सप्टेंबर २०२४, बुधवार

लाली गेली, आकार शाबूत राहिला. भोक बुजले आहे आणि त्या जागी हाताला कणीसारखे कडक लागते. आतापर्यंतचा खर्च : टोचणे ३५०, डॉक्टरांच्या तीन भेटी व खडा काढणे मिळून ३,२००, औषधे ८६०, आणि दोन दिवसांची रजा. आईने हळद-खोबरेलाबद्दल स्वतःला फार लावून घेतले आहे. मी तिला सांगितले की तेल नंतरचे, मूळ दोष गनचा आणि माझ्या घाईचा. मात्र तेलाचा थर जखमेवर बसला की आतले पाणी बाहेर पडत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितले आहे आणि पुढच्या वेळी आम्ही काहीही लावणार नाही.

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

उजवा कान आता काही महिने तसाच ठेवायचा आहे. डाव्या कानासाठी सुईने टोचणारे कुशल माणूस शोधते आहे. दोन शनिवार वांद्रे आणि अंधेरीतल्या चार ठिकाणी जाण्यात गेले. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारले : सुई एकदाच वापरून टाकता का, पाकीट माझ्यासमोर फोडाल का, दाबयंत्र इथेच आहे का, आणि पहिला दागिना कोणत्या धातूचा घालता. एका ठिकाणी ‘सर्जिकल स्टील’ एवढेच उत्तर मिळाले. त्यात निकेल असते आणि माझ्या मनगटाला घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ येते, म्हणून ते ठिकाण सोडले. ज्या ठिकाणी नक्की केले तिथे शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम वापरतात, त्याचा मानक क्रमांक एफ-१३६ असल्याचे पाकिटावर छापलेले मला दाखवले.

तिथल्या ताईंनी मला उलट एक प्रश्न विचारला, जो इतर कोणी विचारला नव्हता : शेवटी या भोकात काय घालणार? मी बुगडी आणते असे सांगितले. बुगडी कानाबरोबर आणलीच पाहिजे, हा या सगळ्या नोंदींतला मला सर्वात उपयोगी वाटलेला मुद्दा आहे.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी उरकली, घाम कमी झाला, मुंबईत त्यातल्या त्यात कोरडी हवा आहे. आज डावा कान टोचला.

ताईंनी आधी बुगडीची दांडी व्हर्नियर कॅलिपरने मोजली. ती १.१ मिलिमीटर जाड निघाली. त्यांच्याकडे अशा जागेसाठी १८ गेज, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर, आणि १६ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, अशा दोन्ही सुया होत्या. १८ गेजने टोचले असते तर कान वर्षभर सांभाळूनही बुगडीची दांडी आत गेली नसती, म्हणून १६ गेज घेतली. मग बुगडी बाहेरूनच कडेवर धरून फूल कुठे बसते, मोती गालाकडे झुकतात की मागे केसांत जातात, चष्म्याची काडी मध्ये येते का, हे पाहत तीनदा ठिपका पुसून पुन्हा काढला. चष्म्यामुळे जागा आधी ठरवल्यापेक्षा थोडी वर गेली. या एका ठिपक्यावर वीस मिनिटे गेली. माझ्या चुलतभावाची भिकबाळी बारीक तारेची असल्याने त्याला यातले काहीच करावे लागले नव्हते. बुगडीला वजन आहे आणि तिचे तोंड पुढे राहिले पाहिजे, म्हणून ही खटपट.

पोकळ सुई आत गेली तेव्हा दोन सेकंद तीव्र कळ आली आणि कान गरम झाला, पण गनच्या वेळचा तो हादरा नव्हता. आत ८ मिलिमीटरची सरळ दांडी बसवली, मागे चपटी चकती, पुढे लहानसा गोल. माझा कान तिथे जेमतेम तीन मिलिमीटर जाड आहे, उरलेली लांबी सुजेसाठी सोडलेली. टोचणे आणि दागिना मिळून ४,२०० रुपये. सहा ते आठ आठवड्यांनी आखूड दांडी घालायला या, हे त्यांनी दोनदा बजावले.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

मतदानाची सुट्टी, त्यामुळे घरीच. सूज आहे, पण दांडीच्या दोन्ही बाजूंना अजून फट दिसते. ठणका दुसऱ्या रात्रीच उतरला. खरी अडचण झोपेची आहे. मी डाव्या कुशीवर झोपणारी. मधोमध भोक असलेली गोल उशी ६५० रुपयांना आणली. कान त्या भोकात येईल असे झोपायचे. पहिल्या रात्री मान आखडली, तिसऱ्या रात्री सवय झाली.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

दोन आठवड्यांत धुण्याच्या बाबतीत तीन चुका केल्या, त्या नोंदवते.

पहिली चूक घरी केलेल्या मिठाच्या पाण्याची. चहाच्या कपात अर्धा चमचा मीठ घातले. कप दीडशे मिलिलिटरचा आणि मीठ साधारण तीन ग्रॅम, म्हणजे दोन टक्के द्रावण झाले. शरीराला मानवणारे द्रावण ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅमचे असते. माझे त्याच्या दुपटीहून अधिक खारट होते. चार दिवसांत भोकाभोवतीची कातडी कोरडी पडून सोलू लागली आणि मला वाटले की संसर्ग परत आला. मीठ बंद केल्यावर दोन दिवसांत कातडी निवली.

दुसरी चूक, औषधांच्या दुकानातून ‘एनएस’ची, म्हणजे नॉर्मल सलाईनची, १०० मिलिलिटरची बाटली आणून ती पाच दिवस वापरली. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी निर्जंतुक राहत नाही. औषधवाल्या काकांनीच मग वाफाऱ्याच्या यंत्रासाठी मिळणाऱ्या सलाईनच्या छोट्या कुप्या दिल्या. एका वेळेला एक कुपी पुरते. त्यांतल्या काही ३ टक्क्यांच्या असतात, त्यामुळे घेताना ०.९ टक्के असे वाचूनच घ्यावे.

तिसरी चूक कापसाची. कापसाचा एक तंतू दांडीभोवती गुंडाळला गेला, मी ओढला, खपली सगळी निघाली आणि रक्त आले. आता सलाईनने खपली भिजवते, आपोआप सुटेल तेवढीच सुटू देते, आणि जाळीच्या निर्जंतुक पट्टीच्या कोपऱ्याने टिपते. फिरवत नाही, हलवत नाही. भोकातून येणारे पांढुरके पाणी वाळून खपली होते. तो पू नव्हे. पू दाट, पिवळा-हिरवट असतो आणि त्याबरोबर ठणका व उष्णता असते, हे सप्टेंबरात अनुभवले आहे.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

शुक्रवारी संध्याकाळच्या कल्याण फास्टला घाटकोपरला उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात कोणाच्या तरी पिशवीचा पट्टा माझ्या कानातल्या गोलात अडकला. पट्टा ओढला गेला, मी ओरडले, त्या बाईंनी तत्काळ थांबून तो सोडवला आणि मुलुंडपर्यंत माझ्या कानापुढे हात धरून उभ्या राहिल्या. भोक फाटले नाही, पण पाच आठवड्यांची प्रगती गेली. कान पुन्हा सुजला आहे. उपाय म्हणून आता लोकलमध्ये डावी बाजू भिंतीकडे येईल अशी उभी राहते आणि रुंद सुती पट्टा केसांना कानांवरून सैलसा बांधते. घट्ट बांधला तर दांडी वाकडी दाबली जाते. ओढणी त्या बाजूने घेतच नाही. ऑफिसात हेडफोन उजव्या कानाला.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

भोकाच्या मागे मुगाएवढी गुलाबी गाठ आली आहे. दुखत नाही, पण कालपेक्षा आज मोठी वाटते. मनात लगेच कायमच्या गाठीची भीती आली. डॉक्टरांकडे गेले (९०० रुपये). त्यांनी सांगितले की कायमची वाढणारी गाठ जखमेची हद्द ओलांडून पसरते आणि बहुधा काही महिन्यांनी येते. ही भोकाला चिकटून आहे, मऊ आहे, म्हणजे घर्षणाची आहे, आणि तिचे कारण कानातच आहे.

कारण मला माहीत होते. आखूड दांडी घालायला जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जायला हवे होते. मावसबहिणीचे लग्न, मग संक्रांत, असे म्हणत मी तीन-चार आठवडे पुढे ढकलले. सूज उतरल्यावर ८ मिलिमीटरची दांडी भोकात वर-खाली डुलते, झोपेत तिरकी होते, आणि तिरकी दांडी जिथे दाबते तिथेच ही गाठ आली.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

६ मिलिमीटरची दांडी बसवून घेतली. ९०० रुपये, दहा मिनिटे. ताईंनी गाठीला काहीही लावू नका असे सांगितले. चहाच्या झाडाचे तेल, ॲस्पिरिनची पूड, तुरटी असे जे जे लोक लावतात ते सगळे तिला अधिक चिडवते.

१४ मार्च २०२५, शुक्रवार

धुळवड. रंग खेळले नाही, घराबाहेरही पडले नाही. गाठ पाच आठवड्यांत जवळजवळ नाहीशी झाली. दांडी बदलण्याखेरीज काही केलेले नाही.

३० मार्च २०२५, रविवार

गुढीपाडवा, आणि माझी दुसरी मोठी घाई. साडेचार महिने झाले, खपली येत नाही, दुखत नाही, म्हणून मी सकाळी टायटॅनियमची दांडी काढून बुगडी घातली. आत्या समोर होती, आरशात दोघींनी पाहिले, फूल अगदी ठरल्या जागी बसले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. दोन तासांनी कान चुरचुरू लागला. काढताना फिरकी सुटली, पण दांडी बाहेर ओढताना आतून खरवडल्यासारखे झाले आणि रक्त आले.

चूक दुहेरी होती. बाहेरची कातडी बरी दिसते तेव्हा आतली नळी अजून कच्ची असते, कारण भोक दोन्ही तोंडांकडून आत भरत येते आणि मधला भाग सर्वात शेवटी. पाळीला सहा ते आठ आठवडे पुरतात, कूर्चेला सहा महिने ते वर्ष लागते, हे मला सांगितलेले होते. दुसरी गोष्ट मला भिंगातून पाहिल्यावर समजली : आजीच्या बुगडीचे मळसूत्राचे आटे फुलाच्या बुडापर्यंत कापलेले आहेत. म्हणजे कानाच्या आत राहणारा सगळा भागही आट्यांचाच, आणि तो भोकातून जाताना कानशीसारखा चालतो. आजीचे भोक चाळीस-पन्नास वर्षांचे मुरलेले होते, तिला ते सोसत असणार.

टायटॅनियमची दांडी परत घालायला गेले तर तीही सहज जाईना, अर्ध्या तासात तोंड आवळले होते. ताईंकडे धावले तर त्यांनी निमुळत्या सळईच्या आधाराने ती बसवून दिली. नव्या भोकातला दागिना काढायचाच असेल तर घरी काढू नये.

१९ एप्रिल २०२५, शनिवार

दांडी कापायची नाही म्हणून मी इथवर आले आणि आज तीच बदलण्यासाठी बुगडी घेऊन गिरगावातल्या एका वृद्ध कारागिराकडे बसले होते. मन तयार व्हायला तीन आठवडे लागले. आत्याशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “अगं, दांडी काही आईने घडवली नव्हती. तिच्या हयातीतही एकदा फिरकी बदललीच होती. तू घालावीस म्हणून दिली आहे.” त्यानंतर निर्णय सोपा झाला.

कारागिरांना मी काय हवे ते कागदावर काढून दिले : जाडी १.१ मिलिमीटर, फुलाकडचा ४ मिलिमीटर भाग गुळगुळीत आणि पुढच्या तेवढ्याच भागावर आटे, टोक गोलसर घासलेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. दांडी डाकाने, म्हणजे सोने सांधण्याच्या मिश्रधातूने, जोडायची तर ज्योत लागणार, आणि मोत्याला आच सोसत नाही, म्हणून आधी सगळे मोती सोडवून नंतर नव्या तारेत ओवावे लागतील. आणि पूर्वी डाकात कॅडमियम घालत, ज्याला बाजारात ‘केडीएम’ म्हणतात. ते आता वापरू नये आणि कानाच्या आत राहणाऱ्या जागी तर मुळीच नको. त्यांनी कॅडमियमविरहित डाक वापरण्याचे कबूल केले. फूल आणि मोती मिळून एका बुगडीचे वजन ३.२ ग्रॅम भरले.

३ मे २०२५, शनिवार

बुगडी मिळाली. मजुरी आणि वरचे सोने मिळून ५,४०० रुपये. ओवताना एका मोत्याचे भोक फुटले, त्याच्या जागी नवा मोती आहे आणि तो इतरांपेक्षा पांढरा दिसतो. कारागिरांनी फुटलेला मोती कागदात बांधून परत दिला आणि जुनी दांडीही. दोन्ही डबीत ठेवल्या आहेत. दुसरी बुगडी तशीच ठेवली, तिला हात लावलेला नाही.

२८ मे २०२५, बुधवार

पाऊस मुंबईत सोमवारीच, २६ मेला, दाखल झाला. नेहमी जूनच्या दुसऱ्या आठवड्याची वाट पाहतो, त्यामुळे मी छत्रीशिवाय होते. सीएसएमटीवर पोहोचेपर्यंत केस चिंब, आणि ते ओले केस दिवसभर एसीत कानावर चिकटून राहिले. संध्याकाळी भोकाभोवती लाली. सप्टेंबरातला ओलाव्यात वाढणारा जिवाणू आठवून मी घाबरले, पण दोन दिवस सलाईन आणि थंड हवेवर लावलेला हेअर ड्रायर एवढ्यावर लाली गेली. पावसाळ्यात बॅगेत निर्जंतुक जाळीची पट्टी आणि केसांचा मोठा चिमटा ठेवते. भिजले की आधी केस वर बांधायचे, मग कान टिपायचा.

१३ जुलै २०२५, रविवार

आठ महिने होत आले. ताईंकडे जाऊन त्यांच्याच देखरेखीखाली बुगडी पुन्हा घातली. गुळगुळीत दांडी अडखळल्याशिवाय गेली. एक तास ठेवली, काढली, भोक पाहिले : लाली नाही, ओल नाही. वजनामुळे भोकाच्या खालच्या काठावर किंचित ओढ जाणवते, म्हणून दर रविवारी एक-एक तास वाढवत नेण्याचे ठरले. एरवी टायटॅनियमच.

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार

गणेश चतुर्थी. प्रतिष्ठापनेपासून दुपारच्या आरतीपर्यंत, साडेपाच तास, बुगडी डाव्या कानात होती. आरतीच्या वेळी मान हलली की मोत्यांचा तारेवर घासण्याचा अगदी बारीक आवाज कानाच्या आतच ऐकू येतो. आजीने हा आवाज आयुष्यभर ऐकला असेल, आणि बाहेरच्या कोणाला तो ऐकू येत नाही, हे मला आज कळले. नैवेद्यानंतर ओढ वाढली तेव्हा काढून ठेवली. पहिल्या दिवसापासून आजवरचा एकूण खर्च १६,८०० रुपयांच्या आसपास गेला आहे, त्यातले चार हजारांवर केवळ गनच्या प्रकारात गेले.

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

गौरीपूजन. आज सहा तास घातली. आत्याने उजव्या कानाचे काय, असे विचारले. ताईंनी उजवा कान चाचपून पाहिला आहे. गनच्या जागी कडक व्रण आहे, त्यातून सुई सरळ जाणार नाही, म्हणून नवे भोक चार मिलिमीटर खाली घ्यावे लागेल आणि दोन बुगड्या एका पातळीत दिसणार नाहीत. मला ते चालेल. दिवाळीनंतरच्या शनिवारची वेळ घेतली आहे, आणि दुसऱ्या बुगडीची दांडी तोवर गिरगावात देऊन येणार आहे.